उंबरठ्याला घातलेलं गाऱ्हाणं

२० नोव्हेंबर १९८८, रविवार. परसात मी भात, म्हणजे सालासकट साळी, उकडत होते. शाळेला सुट्टी, म्हणून हे काम मी रविवारावर ठेवलेलं. तीन दगडांवर तांब्याचं मोठं भांडं, त्यात आदल्या दिवशी भिजत घातलेलं भात, आणि खाली काजूच्या सुक्या फांट्यांचा जाळ. भात उकडायला ठेवलं की चुलीपासून हलता येत नाही. जाळ जरा जास्त झाला की दाणा फुटतो आणि मग वर्षभर घरातली माणसं पेजेला नावं ठेवतात. मी लाकूड मागे ओढत होते तेवढ्यात बायची तीनचाकी अंगणात आली.

बाय म्हणजे माझी धाकटी नणंद. घरात आणि आमच्या कोरगावात सगळे तिला बायच म्हणायचे. लहानपणी पोलिओ होऊन तिचे दोन्ही पाय गेले. घरात ती फळीवर बसून फिरायची. माझ्या नवऱ्याने त्या फळीला खालून बेअरिंगची चार चाकं बसवून दिली होती. हातांनी जमीन मागे ढकलत ती स्वयंपाकघरातून ओसरीवर एवढ्या वेगाने यायची की आमचं मांजरसुद्धा बाजूला व्हायचं. बाहेर जायला हाताने फिरवायची तीनचाकी. फळी मागे दोरीने बांधलेली.

तिचा तिठ्यावर टेलिफोनचा बूथ होता. तीन रस्ते जिथे मिळतात तिथे बसथांबा, आठ-दहा दुकानं, शनिवारचा बाजार आणि त्यात लाकडी खोक्याएवढा तो बूथ. अपंगांना सरकार बूथ देतं असं तिने कुठेतरी ऐकलं, आणि पेडण्यापासून पणजीपर्यंत तिने एवढ्या खेपा घातल्या की शेवटी देऊन टाकणं सोपं वाटलं असावं. अट एकच होती: बूथ दिवसभर उघडा हवा. बंद राहतो अशी तक्रार गेली तर तो दुसऱ्याला मिळणार होता, आणि दुसरे वाट बघत होते.

म्हणून ती दुपारीच घरी आली तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय. तोंड लाल, ओठ सुकलेले. मी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. थंडी वाजत होती तिला. महिन्याभरात दुसऱ्यांदा.

उकडायचं भात शेजारणीच्या हवाली केलं आणि रिक्षा बोलावून तिला म्हापशाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुई दिली, गोळ्या दिल्या, आणि दिवसभरात पाणी किती पिते ते विचारलं. बायने खरं ते सांगितलं. सकाळी पेज नाही, चहा नाही. बूथवर गेल्यावर जीभ ओली करण्यापुरतं पाणी. संध्याकाळी घरी आल्यावर कळशी रिकामी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लघवी अशी अडवून ठेवली तर आज ताप आहे, उद्या मूत्रपिंडं जातील, असं त्या म्हणाल्या. पाणी प्यायचं की धंदा करायचा, यातलं एक काय ते ठरवा.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "वैनी, बूथ मी सोडूचंय नाय."

"मग पाणी पी."

"पितलंय. पण मगे जातलंय खंय?"

तिठ्यावर बायकांसाठी काही सोय नव्हतीच. बाजाराला येणाऱ्या बायका रस्त्यापलीकडच्या काजूच्या बागेत, नाहीतर ओहोळाच्या बाजूला उतरायच्या. मीही उतरलेय. पण तिथे जायला पाय लागतात आणि बसायलाही पाय लागतात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, घरामागे जुन्या पद्धतीचा डुकरांचा संडास होता; वर बसायचं आणि खाली डुकरं. पोदेराची बायको स्वभावाने चांगली, कधीही ये म्हणाली होती. पण तो चिऱ्याच्या उंच पायऱ्या चढून वर. फळीला चाकं असतात, पंख नसतात.

बायची शाळाही अशीच सुटली होती. चौथीपर्यंतची शाळा घराच्या शेजारी होती. वाटलं की ती रांगत घरी यायची आणि परत जायची. पाचवीची शाळा लांब. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, खांद्यावर बसवून नेईन म्हणाला, नेलंही काही दिवस. पण दुपारपर्यंत वर्गात बसून राहायचं आणि मागे जायची सोय नाही. आठवडाभराने तिने स्वतःच दप्तर खुंटीला अडकवलं. हुशार होती. पुढे सगळं घरी बसून वाचलं. हे मला लग्न होऊन आल्यावर नवऱ्याने सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही. म्हणून आता बूथ जाईल म्हटल्यावर आम्हा दोघांनाही कळत होतं की परत तीच खुंटी.

योग असा की त्याच महिन्यात तिठ्यावर सार्वजनिक शौचालय बांधून पुरं होत आलं होतं. बाजाराची देखरेख करणारी गावातल्या लोकांची एक समिती होती. तिचे अध्यक्ष माझे चुलत सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबा कामाचे माणूस. त्यांनी जागा मिळवली, चिरे मिळवले, आणि बेळगावकडचा एक गवंडी आणला. तो डिचोलीला घरं बांधत होता. हात चांगला होता त्याचा; भिंतीला ओळंबा लावून बघावा तर केसाचा फरक नाही.

समितीच्या बैठकांत मात्र चर्चा झाली ती पाटीची. गोवा राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मराठी की कोंकणी या वादाने गावागावांत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मग शौचालयावरची पाटी कशी सुटणार? एक बाजू म्हणे 'स्त्रिया' आणि 'पुरुष' लिहा, दुसरी म्हणे 'बायलो' आणि 'दादले'. शुद्धलेखन तपासायला म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण मी मराठी शाळेत शिकवते. मी गेले, चहा घेतला आणि दोन तास ऐकलं. बैठक मोडली. पुढची पण मोडली. शेवटी आबांनी अक्षरंच रद्द केली आणि चित्रं काढायला सांगितली. चित्रकार दशावताराचे पडदे रंगवणारा. त्याने बाईला नऊवारी नेसवली ती ठीक, पण पुरुषाला मिशा, मुकुट आणि बाहुभूषणं घालून सोडलं. त्या दारातून आत जाताना बाप्ये जरा ताठच चालायचे.

या सगळ्यात दाराच्या खालच्या बाजूला काय आहे ते कोणी बघितलं नाही.

जागा उताराची होती. बायकांची बाजू वरच्या अंगाला, रस्त्याच्या पातळीला. पायऱ्या नाहीत. बायने बांधकाम चालू असताना लांबून ते बघून ठेवलं होतं आणि मनात हिशोब केला होता की फळी सरळ आत जाईल. दारही रुंद. पण गवंड्याने दाराची चौकट बसवताना खाली काळ्या दगडाचा उंबरठा बसवला, वीतभर उंच. आपल्याकडे दार म्हटलं की उंबरठा आलाच. उंबरठा नसलेलं घर त्याने आयुष्यात बांधलं नव्हतं, आणि बांधलेलं आम्ही बघितलं नव्हतं. हे घर नाही हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आबांच्या आलं नाही, माझ्याही नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण काम संपल्यावर त्याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मगच मजुरी घेतली. शौचालयाच्या दाराशेजारी एक फुलकान्न बसायची, अबोलीचे गजरे विकणारी. तिला त्या दिवसापासून गिऱ्हाईक वाढल्यासारखं वाटायला लागलं. ती रोज सकाळी उरलेल्या फुलांतली दोन उंबरठ्यावर ठेवायला लागली. चार-सहा दिवसांतच तिठ्यावर येणाऱ्या बायका आत जाताना उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावू लागल्या. बाहेर येतानाही.

ताप उतरेपर्यंत बूथवर माझा नवरा बसला. नंतर बाय बूथवर गेली त्या पहिल्याच दिवशी तिने फळी काढली आणि त्या दाराकडे गेली. मी बरोबर होते. फळी दगडाला आपटून थांबली. हातांच्या जोरावर ती उंबरठ्यावर चढू शकली असती, तेवढे दंड होते तिचे. पण फळी बाहेर राहिली असती, आणि पुढे ओल्या, घाणेरड्या फरशीवरून अंग ओढत जायचं. तिने फळी वळवली आणि म्हणाली, पेडण्याची बस यायची वेळ झाली, फोनला माणसं येतील.

मी आबांकडे गेले. ते ऐकून घेतात. पण त्यांचं म्हणणं असं की एवढ्याशा गोष्टीसाठी उंबरठा कशाला काढायचा, बाजारात बायका आहेत, आपलीच माणसं आहेत. हे सांगायला ते बूथवर आले.

"दोन बायलो धरून भितर सोडतीत," ते बायला म्हणाले. "तेका काय लागता?"

बाय टेलिफोनची वायर सरळ करत होती. "आबा, तुमका जावचा झाला की तुम्ही कोणाक आमंत्रण धाडतास?"

आबांना हसू आलं आणि ते त्यांनी उपरण्यात पुसलं. पण उंबरठा राहिला. काढायला त्यांची हरकत नव्हती, एवढं मात्र ते बोलले. गवंडी काढत असेल तर काढू दे.

गवंडी तेव्हा तिठ्यावरच दुसऱ्या दुकानाचं काम करत होता. मी त्याला सांगितलं. त्याने थापी खाली ठेवली, हात पुसले आणि नम्रपणे नकार दिला. "पूजा झालेला उंबरा हाय ह्यो, बाई. त्येला छिन्नी मी न्हाई लावणार." मी त्याला समजावायला लागले तेव्हा त्याने आपली विजार घोट्यावर घेऊन दाखवली. डिचोलीत एका घरमालकाच्या आग्रहावरून त्याने असाच एक उंबरठा फोडला होता. त्याच आठवड्यात परांचीवरून खाली आला. पाय वाकडा बसला तो बसलाच. त्याला भोळसट म्हणायची मला इच्छा झाली होती, पण तो पाय बघितल्यावर म्हणवेना. माणसाला ज्याची भीती वाटते ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असलं तर तुम्ही काय वाद घालणार?

दुसरा गवंडी आणायचा तर तोही आधी फुलं बघणार. मी सरळ विचार केला. घरी पहार होती. शाळा सुटल्यावर, बाजार नसलेल्या दिवशी, दुपारी तिठा सुना असतो तेव्हा जायचं आणि दगड उखडायचा. मी पहार पोत्यात गुंडाळत असताना बायने बघितलं.

"वैनी, चोरून काढलास तर परत बसयतले," ती म्हणाली. "आणि कुंकू आणखी जाड लावतले."

ते खरं होतं. मी पहार परत जागेवर ठेवली. संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. नवरा ओसरीवर कोयता परजत होता. तेवढ्यात बायने विचारलं, घरात चांगला नारळ आहे का. मला वाटलं आमटीला हवा असेल.

आमच्या पेडण्याच्या भागात कुठलंही काम काढलं की गाऱ्हाणं घालतात. ज्याने हे कधी बघितलं नाही त्याच्यासाठी सांगते. शेत पेरायचं असो, नवीन घर असो, जत्रा असो, एखादा जाणता माणूस नारळ समोर ठेवून हात जोडून उभा राहतो आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतो: कोण आलंय, कशासाठी, काय अडलंय, काय हवंय. प्रत्येक वाक्याला मागचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाण्याची एक शिस्त आहे. आडून बोलायचं नाही. काय हवं ते उघड सांगायचं, कारण ते ऐकणाऱ्या सगळ्यांच्या साक्षीने मागितलेलं असतं. आणि दुसरी शिस्त, कुठे लिहिलेली नसली तरी पक्की: गाऱ्हाणं बाप्ये घालतात. बायका मागे पदर घेऊन उभ्या.

बायचं म्हणणं होतं की ज्याची पूजा करून बसवलं त्याला विचारून उठवता येतं. घर मोडून दुसरीकडे बांधताना नाही का तुळशीला गाऱ्हाणं घालून हलवत? आबांना यातलं काही खोटं वाटलं नाही. पण गाऱ्हाणं त्यांनी घालावं असं तिने म्हटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. संडासाच्या दारात गाऱ्हाणं घातलं तर तेरेखोलपासून इब्रामपूरपर्यंत लोक मला हसतील, म्हणाले. इब्रामपूर माझं माहेर. तिथे हसतील याबद्दल मला शंका नव्हती.

"मगे मीच घालतंय," बाय म्हणाली. जसं काही मीठ संपलंय, मीच आणते.

शनिवार ठरला, बाजाराचा दिवस. मी म्हटलं, कमी गर्दीचा दिवस निवड. ती म्हणाली, गर्दी नसेल तर 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार?

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्या सुटल्या मी तिठ्यावर गेले. बायने बूथचं दार उघडंच ठेवलं होतं, कोणाला फोन करायचा असेल तर थांबा म्हणून सांगून. ती फळीवर बसून शौचालयाच्या दारासमोर आली. नेहमीचीच साडी, केस घट्ट बांधलेले. उंबरठ्यासमोर तिने केळीचं पान ठेवलं, त्यावर तांदूळ, त्यावर नारळ. हे बघून माणसं जमायला लागली. मासळीवाल्या टोपल्या सोडून आल्या. पेडण्याची बस थांबली होती, तिच्यातले लोक खिडकीतून बघायला लागले. गवंडी समोरच्या दुकानाच्या परांचीवरून खाली उतरला. आबा पानाच्या गादीपाशी होते; जवळ येत नव्हते आणि जातही नव्हते. एकाने मोठ्याने विचारलं, आज संडासाचं बारसं आहे का. हशा झाला. बायने तो संपू दिला. मग हात जोडले.

तिचा आवाज फोनवर ओरडून ओरडून चांगला कमावलेला होता. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे तसा आवाज लागायचा.

"हे उंबरठ्या म्हाराजा," ती म्हणाली. "आज तुझ्यासमोर नारळ ठेवन मी गाऱ्हाणां घालतंय, ता ऐक."

मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. माझा एकटीचा आवाज मला विचित्र वाटला.

"तुका हय बसयलो तो घराची राखण करूक. पण ह्या घर न्हय. हय कोण ऱ्हवाक येणत नाय. मुतूक येतत."

आता हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. ती तसं बोललीच नव्हती. जशी भाताच्या पेरणीला पावसाची गोष्ट सांगतात, त्याच चालीत, त्याच गंभीरपणे. फुलकान्न माझ्या शेजारी उभी होती. तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"माकाय मुतूक जावचा आसता. भितर जाऊक गावणा नाय म्हणान मी सकाळपासून सांजेपर्यंत पाणी पियत नाय. दोन फावटी ताप इलो. डॉक्टरान सांगल्यान, पाणी पी नायतर धंदो सोड."

"व्हय म्हाराजा." आता मासळीवाल्याही होत्या त्यात.

"धंदो माका सोडूचो नाय. पाणीय पिवचा आसा. म्हणान तू हयसून उठ आणि दुसरी जागा घे. तुझो काय गुन्हो नाय. गवंड्याचोय नाय. कोणाच्या ध्यानात इला नाय, इतक्याच."

"व्हय म्हाराजा." हा आवाज बाप्यांचा होता. बसमधूनही आला.

"तुका जो हात लावतलो तेचो हात-पाय सुखी ऱ्हवांदे. काय चूकभूल झाली तर ती माझ्या माथ्यार. ह्या गाऱ्हाणां मान्य कर, म्हाराजा."

या वेळी 'व्हय म्हाराजा' एवढं मोठं झालं की काजूच्या बागेतले कावळे उठले. मी पानाच्या गादीकडे बघितलं. आबांनी हात जोडलेले होते आणि तोंड हलत होतं.

मी आजपर्यंत पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. भाषेच्या वादात तर रोज एक व्हायचं. चांगलं बोलणारे होते दोन्ही बाजूंना. पण भर बाजारात, ओळखीच्या दोनशे माणसांसमोर, स्वतःच्या शरीराची गरज एवढ्या सरळ शब्दांत कोणी सांगितलेली मी ऐकली नव्हती. बाप्यांनीही नाही, आणि बायकांनी तर नाहीच. आम्ही बायका एकमेकींनासुद्धा 'जरा जाऊन येते' म्हणतो. तिने ते लाज सोडून सांगितलं असं लोक नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. लाज तिला होती. मी घरात बघितलेली आहे. तिने ती त्या दिवशी बाजूला ठेवली, कामाला अडचण होते म्हणून, आणि नंतर परत घेतली.

नारळ फोडायचा होता. बायने तो गवंड्यासमोर धरला. तो पुढे आला, पण नारळ घेईना. त्याची नजर दगडावर होती.

"माझ्या माथ्यार घेतलंय, गवंडीदादा," ती म्हणाली. "तरीपण पाय मोडलोच तर माझी तीनचाकी तुमका दितंय."

तिठा हसला आणि गवंडीही हसला. त्याने नारळ घेतला, उंबरठ्याच्या कडेला फोडला, वाकून दगडाला कपाळ टेकवलं आणि छिन्नी-हातोडा आणायला गेला. दगड त्याने फोडला नाही. चारी बाजूंनी चुना-सिमेंट सोडवत, पहारीने हळूहळू उचलून अख्खा बाहेर काढला. फुलकान्नीला तो हवा होता. तिने तो आपल्या बसायच्या जागेशेजारी वडाच्या मुळाशी ठेवून घेतला आणि लगेच त्यावर फुलं वाहिली. तिच्या धंद्याचा प्रश्नही सुटला.

दगड निघाल्यावर बाय दाराशी गेली आणि तिने गवंड्याला पुढची कामं सांगायला सुरुवात केली. दार आणि फरशी यांच्यामध्ये जो खड्डा झाला होता तिथे सिमेंटचा उतार, पण एवढा नको की पाणी बाहेर रस्त्यावर येईल. आत भिंतीला लोखंडी नळी आडवी बसवायची, धरायला. किती उंचीवर, ते तिने फळीवर बसूनच हात वर करून दाखवलं. गवंड्याने कोळशाने तिथे खूण केली. आबा एव्हाना जवळ आले होते. नळी समितीच्या सामानात आहे, म्हणाले, आणि स्वतः आणायला गेले. मग फोनसाठी माणसं थांबली होती म्हणून बाय बूथवर परत गेली. एका मासळीवालीला रत्नागिरीला लेकीशी बोलायचं होतं. तिचा नंबर लागेपर्यंत बाय नेहमीसारखी ओरडत होती.

सिमेंट सुकायचं होतं. त्यामुळे त्या दिवशीही ती संध्याकाळपर्यंत कोरडीच बसली. मी थांबले होते. माझ्यासाठी चहा मागवला, तिच्यासाठी नाही मागवला. तिने सांगितलं होतं, एक दिवस आणखी, काय होतं.

घरी येताना लक्षात आलं की एक गोष्ट राहिलीच. खालच्या भांड्यावर उकिडवं बसणं तिला शक्य नव्हतं. घरी त्यासाठी माझ्या नवऱ्याने एक बुटकं लाकडी स्टूल केलं होतं, मध्ये भोक पाडून कडा घासून गुळगुळीत केलेलं. तिथे ठेवायला तसंच दुसरं लागणार होतं. नवरा म्हणाला, फणसाची फळी आहे, पण दोन दिवस लागतील. बाय काही बोलली नाही. मी म्हटलं, मग हेच नेऊ. घरी दोन दिवस मी धरेन तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते स्टूल घासून धुतलं, उन्हात पालथं घालून सुकवलं आणि डोक्यावर घेऊन बस पकडली. रविवारी तिठ्याकडे जाणारी बस भरलेली असते. कंडक्टरने स्टूल मागे ठेवायला सांगितलं, मग ते वळवून त्याच्या मधल्या भोकाकडे बघितलं आणि विचारलं, वैनी, हे कसलं स्टूल. पुढच्या बाकावर मला ओळखणारे एक मास्तर होते, मागे दोन नवीन लग्न झालेल्या मुली. मी कंडक्टरला कशाचं ते सांगितलं आणि कोणासाठी तेही सांगितलं. तो बरं म्हणाला. त्याने ते ड्रायव्हरच्या मागे, घसरू नये अशा जागी ठेवलं आणि घंटी मारली. तिठ्यावर उतरल्यावर मी सिमेंटवर अंगठा दाबून बघितला. घट्ट होतं. स्टूल आत नळीखाली ठेवलं, दोन्ही हातांनी जोर देऊन हलवून बघितलं. एक पाय किंचित डगमगत होता, त्याखाली कौलाचा तुकडा सारला. मग बूथवर जाऊन बायला सांगितलं की तयार आहे, आणि तिच्यासाठी एक मोठा चहा सांगून मी भाजी घ्यायला गेले.